फोटो कुणाचा?

मैत्रिणींनो, लग्नाचा अल्बम तुमच्या कपाटात असेलच. एखाद्या दुपारी काढून बघतही असाल. पण त्यातल्या फोटोंचा मालक कोण, असा प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं उत्तर ऐकून मला तर गंमतच वाटली. आपण पैसे देऊन फोटो काढवून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसलं, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत वडिलांचा! मात्र फोटोग्राफरनं कुणाच्या पैशावर नाही, आपल्या हौसेनं, आपल्या हिमतीवर फोटो काढला, तर तो त्याचा. हयातभर त्याचा आणि मागे ६० वर्षं त्याच्या वारसांचा.

हे सगळं मी वाचून काढलं ते आमच्या धाकट्या दिरांमुळे. जव्हारात त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, झालंच तर आधारकार्डाच्या झेरॉक्सा. पासपोर्ट साइज फोटोंचा धंदा मोबाइलनं खाल्ला, तेव्हापासून ओढाताणच. पण भाऊजींना खरी हौस स्टेजवरच्या फोटोंची. गाणाऱ्याची तान वर चढते, मान किंचित कलते, तो क्षण पकडायचा. त्यासाठी त्यांनी हप्त्यावर एक मोठी लेन्स घेतली. सासूबाई त्या लेन्सला ‘धाकटी सून’ म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला एका नामवंत कलाकाराचा मोठा गाण्याचा कार्यक्रम होता. एका साप्ताहिकानं भाऊजींना कळवलं, पास आम्ही देऊ, जे फोटो छापू त्यांचे पैसे देऊ. घरात दिवाळीच! मोखाडा-त्र्यंबकवरून एस.टी.नं जायचं, रात्री मावसबहिणीकडे मुक्काम, सगळं ठरलं. आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मोबाइलवर तीन पानी इंग्रजी कागद आला. सही करून पाठवा, तरच पास.

“वहिनी, तुम्ही बी.ए. आहात. एवढं वाचून सांगा बरं.”

माझं बी.ए. मराठी घेऊन झालेलं, आणि शाळेत मी अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. पण दिरांनी विश्वासानं विचारलं म्हटल्यावर गॅस बारीक केला, डिक्शनरी काढली आणि बसले.

पहिली अट सरळ होती. फक्त पहिली तीन गाणी फोटो काढायचे, फ्लॅश वापरायचा नाही. ही पद्धत जगभर आहे, आणि मला तरी त्यात गैर वाटत नाही. गाणाऱ्याच्या डोळ्यांवर सारखी वीज चमकली तर त्यानं गावं कसं? पण पुढचं वाचत गेले तशी माझी पेन्सिल थांबेना. फोटो त्याच साप्ताहिकात, तोही एकदाच छापायचा. छापण्याआधी त्यांना दाखवायचा. काढलेल्या सगळ्या फोटोंचे हक्क कलाकाराच्या कंपनीला, सगळ्या जगात, कायमचे, मोबदला काही नाही. कंपनीनं ते कापावेत, रंगवावेत, पोस्टरवर छापावेत, फोटोग्राफरचं नाव द्यायचं बंधन नाही. आणि भाऊजींनी मात्र त्यातला एकही फोटो स्वतःच्या स्टुडिओच्या भिंतीवरसुद्धा लावायचा नाही!

म्हणजे बघा, शिधा आपला, सरपण आपलं, रांधायचं आपण. पंगत त्यांची, आणि वर पातेल्याला लागलेली खरवडही घरी न्यायची नाही. कॅमेरा, लेन्स, एस.टी.चं भाडं, यातला एक पैसा ती कंपनी देणार नव्हती.

आमचे ‘हे’ म्हणाले, “कर सही आणि हो मोकळा. त्या फोटोंचं काय लोणचं घालायचंय? एवढ्या मोठ्या ठिकाणी नाव तरी होईल.” पण नाव देण्याचं बंधन नाही, हे तर त्याच कागदात लिहिलेलं!

मला वाटलं, आडगावचा माणूस बघून लुबाडताहेत. तसं मुळीच नाही. २०१५ साली अमेरिकेतली प्रसिद्ध गायिका टेलर स्विफ्ट हिनं अ‍ॅपल कंपनीला जाहीर पत्र लिहिलं, की सुरुवातीचे तीन महिने तुम्ही लोकांना गाणी फुकट ऐकवणार आणि कलाकारांना पैसे देणार नाही, हे बरोबर नाही. कंपनीनं एका दिवसात माघार घेतली. शाबास म्हणावं अशीच गोष्ट. पण लगेच जेसन शेल्डन नावाच्या एका इंग्रज फोटोग्राफरनं तिलाच उलटं जाहीर पत्र लिहिलं: बाई, तुमच्या कार्यक्रमात फोटो काढणाऱ्यांना तुम्ही जो कागद देता, तो काय वेगळा आहे? आम्ही फोटो एकदा वापरायचा, आणि तुम्ही मात्र कायम, फुकट. तिच्या माणसांनी खुलासे केले. डब्लिनच्या ‘आयरिश टाइम्स’नं सही न करता तिच्या कार्यक्रमाची बातमी फोटोशिवाय छापली. शेवटी त्याच वर्षी जुलैत, वृत्त-छायाचित्रकारांच्या संघटनेशी बोलून तिनं अटी बऱ्याच सैल केल्या. त्याच सुमारास ‘फू फायटर्स’ या वाद्यवृंदाचा असाच कागद ‘वॉशिंग्टन सिटी पेपर’नं नाकारला, आणि कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रेक्षकांचेच फोटो विकत घ्यायचं ठरवलं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? २०१२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा क्रिकेट संघ इथे आला होता. गाण्याचा नव्हे, खेळाचा प्रसंग, पण भांडण त्याच जातीचं. क्रिकेट मंडळानं गेटीसारख्या फोटो पुरवणाऱ्या संस्थांना मैदानात प्रवेश नाकारला. तुम्ही बातमीदार नाही, फोटोंचे विक्रेते आहात, असं मंडळाचं म्हणणं. तेव्हा रॉयटर्स, ए.पी., ए.एफ.पी. या मोठ्या वृत्तसंस्थांनीही त्यांच्या बाजूनं उभं राहून सामन्यांचे फोटो देणं थांबवलं. वानखेडेवर पीटरसननं १८६ धावा ठोकल्या. नागपूरचा सामना संपला तेव्हा इंग्लंडनं २८ वर्षांनी भारतात कसोटी मालिका जिंकली होती. आणि तिकडच्या वर्तमानपत्रांवर जुनेपाने फोटो छापायची वेळ आली! आमच्या ह्यांना सामन्यातला प्रत्येक चेंडू आठवतो, पण हे मी सांगितलं तेव्हा त्यांनाही नवलच वाटलं.

तर अशी मोठमोठी माणसं ‘नाही’ म्हणू शकतात. ज्याच्या लेन्सचा हप्ता पाच तारखेला जातो, त्यानं काय करावं?

कलाकाराचीही बाजू आहे हं! ती मला आमच्याच भागात दिसली. इथे तारपा वाजवणारे एक आजोबा आहेत. फुगलेले गाल, मिटलेले डोळे, भोवती फेर धरलेल्या बाया. शहरातून आलेले पाहुणे त्यांचे ढिगानं फोटो काढतात. एकदा त्यांच्या नातवाला तोच चेहरा कुठल्याशा हॉटेलच्या फलकावर दिसला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी पैसा दिला नव्हता. आजोबा हसले, नातू मात्र चिडला. त्याचं चुकलं का? २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकारांना आपल्या ध्वनिमुद्रणावर आणि चित्रीकरणावर स्पष्ट हक्क दिले, पण सुट्या फोटोचं तसं नाही. म्हणून मोठे कलाकार कागद करून घेतात. उद्या आपला चेहरा कुणी बनियनवर छापून विकला, तर? ही धास्ती खोटी नाही. फक्त त्या धास्तीपोटी समोरच्याची सगळी कमाईच लिहून घ्यायची, हे मला पटत नाही. फलकावर, मालावर फोटो विकणार नाही, एवढं एका ओळीत लिहून घेता येतं की!

आता कामाचं सांगते, कारण असा कागद उद्या तुमच्यापुढेही येईल. तुमची मुलगी नाचाच्या स्पर्धेत उतरेल, तुमच्या रांगोळीचा फोटो कुणी मागेल. कायदा म्हणतो, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनंच. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरायची. कुठे वापरायचा हे लिहिलं नसेल तर भारतापुरताच. घेणाऱ्यानं वर्षभरात वापरलाच नाही, आणि कागदात तसं वेगळं म्हटलेलं नसलं, तर हक्क परत. कळलं ना, ‘कायमचे’ आणि ‘सगळ्या जगात’ हे दोन शब्द तिथे का असतात ते? ते नुसते ऐटीसाठी नसतात. म्हणून आधी ते दोन शब्द शोधा आणि त्यांवर बोट ठेवून विचारा, कशासाठी? शिवाय हक्क विकला तरी ‘हे मी केलंय’ असं म्हणण्याचा अधिकार कायदा करणाऱ्याकडेच ठेवतो. तेव्हा नावाची ओळ मागायला लाजायचं कारण नाही.

आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं. तीन गाणी कबूल. मालावर फोटो छापणार नाही, हेही कबूल. कंपनीला जाहिरातीसाठी एक वर्ष वापरू देऊ, नावासकट. त्यापुढे वेगळे पैसे. आणि स्टुडिओच्या भिंतीवर फोटो लावणार. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. बाई गोड बोलत होती, पण कागदात कानामात्राही बदलायची नाही म्हणाली.

भाऊजींनी सही केली नाही. निर्णय त्यांचा, मी तेव्हा गप्प बसले होते, कारण हप्ता मी भरणार नव्हते. साप्ताहिकात कुणा प्रेक्षकानं मोबाइलवर काढलेला धुरकट फोटो आला. भाऊजी तो कितीतरी वेळ बघत होते. त्या महिन्याचा हप्ता सासूबाईंनी दिला, आणि ‘धाकट्या सुनेला’ दोन शब्द सुनावलेही.

मात्र त्यानंतर त्यांनी मला एक काम लावलं. पाड्यावर नाचाचे, तारप्याचे फोटो काढायला जाताना न्यायचा अर्ध्या पानाचा मराठी कागद. फोटो कुठे लावणार, विकला गेला तर वाजवणाऱ्याला किती, छापताना त्याचं नाव. आजोबांपुढे तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “कागद राहू दे बाई. मागल्या वेळचा फोटो कधी देतोस, ते तुझ्या दिराला विचार.”

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी तीन प्रती काढल्या. मोठ्या साइजच्या.