कोकीळ काव काव का करत नाही?



परवा एका पोरानं विचारलं, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, मग मोठं होऊन काव काव का करत नाही? प्रश्न साधा, पण उत्तर थेट पक्ष्याच्या छातीत आणि मेंदूत आहे.

आपला आवाज गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होतो. पक्ष्याचा खाली, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथं. त्या अवयवाला सिरिंक्स म्हणतात. ठिबकच्या मेनलाइनला दोन सबमेन निघाव्यात आणि दोन्हीला वेगळा कॉक असावा, तसं. दयाळ, बुलबुल, चंडोल असले गाणारे पक्षी दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवतात, म्हणून एकाच वेळी दोन सूर काढू शकतात. गंमत म्हणजे आपला कावळापण याच गाणाऱ्या कुळातला. कोकीळ त्यात नाही!

खरा फरक मेंदूत आहे. कोकिळाची कुहू जन्मतःच येते, ती कुणी शिकवावी लागत नाही. दयाळाच्या पिल्लाला मात्र शिकावं लागतं. आधी मोठ्या नरांचं ऐकायचं, मग पुटपुटत घोकायचं. त्यासाठी मेंदूत खास केंद्रं असतात. फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९७६ साली कॅनरी पक्ष्यात ती दाखवली. गाण्याच्या हंगामात ही केंद्रं वाढतात, नंतर आकसतात.

पण शिकवणाराच नसला तर? ऑस्ट्रेलियात रीजंट हनीइटर नावाचा पक्षी जंगलतोडीनं काहीशेवर आला. २०२१ च्या अभ्यासात दिसलं, की काही तरुण नरांना स्वतःचं गाणंच येत नाही, ते दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी म्हणतात.

आपल्या जुन्नर-आंबेगावात द्राक्षं, टोमॅटोसाठी बांध मोकळे होत चाललेत. दयाळ झाडाच्या ढोलीत घरटं करतो. ढोलीचं झाड गेलं की जाणता नर निघून जातो, मागं पिल्लांनी ऐकायचं कुणाचं?

माझ्या बांधावर असंच एक अर्धं वाळलेलं झाड आहे. घरचे म्हणतात, तोडा, सरपण होईल. दयाळाची वीण साधारण मार्च ते जुलै. तोवर कुऱ्हाड लावायची नाही, असं ठरवलंय. किडे-अळ्या वेचतो तो फायदा वेगळाच.

तुमच्या बांधावर ढोलीचं झाड उरलंय का? असेल तर एवढा हंगाम राहू द्या.