कोलशेतची खाडी आणि पुराचा हिशेब

कोलशेतला राहणाऱ्या माणसाला समोरच्या पाण्याचे नाव विचारले, तर तो 'खाडी' असे सांगतो. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत समुद्राकडे निघालेल्या उल्हास नदीचा हा शेवटचा टप्पा आहे. अलीकडच्या काठावर नव्या उंच इमारती उभ्या आहेत. पलीकडे काल्हेर, कशेळी, पूर्णा येथे भिवंडीची गोदामे पसरली आहेत. ठाण्यातील कित्येक व्यापारी कुटुंबांचे घर अलीकडे आणि माल पलीकडे असतो. नदीला खाडी म्हणत राहिले की पूर ही कर्जत-बदलापूरकरांची अडचण वाटू लागते. ही समजूत फार महागात पडते.

तसे या पाण्याशी व्यापाऱ्याचे नाते पुरातन. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेत धवलशेठने समुद्रात ढकललेला श्रीपाल ठाण्याच्याच किनाऱ्याला लागतो; ठाण्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ती स्मृती जपून आहे. माल गलबतातून येत होता तोवर भरती केव्हा लागणार हे पेढीवरच्या गुमास्त्यालाही ठाऊक असावे लागे. 1853 मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली, पुढे रस्ते झाले, आणि पेढीने पाण्याकडे पाठ फिरवली.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक साधा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. खाडीत आतवर हीच भरती थोडी उशिरा पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येते, म्हणजे भरती सर्वांत मोठी होते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ती सर्वांत लहान. आठम-चौदस पाळणाऱ्या घरात तिथी रोजच पाहिली जाते. खाडीची बातमीही त्याच पानावर असते, ती कोणी वाचत नाही एवढेच.

ती वाचावी याला कारण आहे. भरती चढू लागली की खाडीची पातळी नाल्यांच्या तोंडाहून वर जाते. नाल्याचे पाणी आधी थांबते, मग मागे सरकू लागते. अशा वेळी पावसाचा जोर असला, तर नाला कितीही साफ केलेला असो, पाण्याला जायला वाट उरत नाही. जुन्या खारभूमीच्या बांधांना यासाठीच 'उघाडी' असे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. ना वीज, ना पंप. काठावरच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांचे भात या झापेवर पिकत होते. शेते गेली आणि त्यांच्याबरोबर हे शहाणपणही गेले.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाऊणपटीच्या हिशेबाप्रमाणेच दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आली, आणि ती साडेचार मीटरच्या जवळपास होती. आकाशातले पाणी आणि समुद्राचे पाणी एकाच प्रहरी भेटले. राज्यभरात हजाराहून अधिक माणसे दगावली. बदलापूर-कल्याण परिसरही पाण्याखाली गेला. पुढे 27 जुलै 2019 रोजी वांगणी आणि बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. रेल्वेमार्गाशेजारची ती सपाट जमीन नदीने बळकावली असे त्या वेळी बोलले गेले. खरे तर ती नदीचीच होती.

घाटावर पडलेला पाऊस तीव्र उतारामुळे काही तासांत खाली येतो. वाटेत बारवी मिळते. कल्याणजवळ काळू मिळते आणि भातसाचे पाणीही तिच्यातूनच येते. बारवी आणि भातसा या दोन्ही नद्यांवर धरणे आहेत, पण ती मुख्यतः पाणीपुरवठ्यासाठी बांधलेली. पिण्याच्या पाण्यासाठी धरण भरलेले हवे आणि पूर अडवण्यासाठी रिकामे. दोन्ही अपेक्षा एकाच भांड्याकडून पुऱ्या होत नाहीत. ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरले की वरून येईल तितके पाणी खाली सोडावेच लागते. पुराचा सगळा दोष धरणाच्या दारांवर टाकणे सोपे असते, पण दारे उघडल्यावर पाणी पसरायचे कोठे हा प्रश्न काठावरच्यांचा आहे.

आणि काठावर भराव चालू आहे. एक एकर सखल जमिनीवर एक मीटर उंच भराव टाकला, तर साधारण 40 लाख लिटर पाण्याची जागा जाते. दहा हजार लिटरचे 400 टँकर. पुराच्या दिवशी ते 400 टँकर शेजाऱ्याच्या दारात रिकामे होतात. गोदामांच्या वस्तीत हे स्पष्ट दिसते. नवे गोदाम बांधणारा सुरक्षिततेसाठी जोते रस्त्याहून उंच घेतो. मग त्याच्या शेजारचे जुने गोदाम खड्ड्यात जाते. पुढे रस्ता उंच होतो, आणि कालचे उंच जोते सखल ठरते. या शर्यतीत प्रत्येक जण शहाणपणानेच वागत असतो, हीच तिची गंमत आणि हीच तिची आपत्ती.

भरावाला पहिला बळी तिवरांचा जातो. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटेचा आणि प्रवाहाचा जोर मोडतात, काठ ढासळू देत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला. त्यांच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही बांधकामापासून राखायचा आहे. तरीही रात्रीच्या वेळी राबिटाचा डंपर तिवरांत रिकामा होतोच. ते राबिट कोणाच्या तरी दुकानाच्या किंवा घराच्या नूतनीकरणातून निघालेले असते. कंत्राटदाराला 'कचरा उचलून न्या' असे सांगून पैसे देणाऱ्याने तो कोठे टाकणार हे सहसा विचारलेले नसते. नाल्याच्या तोंडाशी अडकलेल्या प्लास्टिकमध्ये मालाचे वेष्टनही पुष्कळ असते, हेही येथे नोंदवलेले बरे.

नेदरलँड्ससारख्या, समुद्राशी पिढ्यान्पिढ्या भांडलेल्या देशाने अखेर वेगळी वाट धरली. 1995 च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागल्यावर तेथे नदीला जागा परत देण्याची योजना आखली गेली. नाइमेखेन शहरासमोर तर काही घरे पाडून बांध 350 मीटर मागे सरकवला गेला. ठाण्यात एवढे होईल अशी आशा धरणे भोळेपणाचे. पण बाळकुम ते गायमुख हा खाडीकाठचा रस्ता कोलशेतवरून जायचा आहे. तो जेवढा खांबांवर उभा राहील आणि नाल्यांच्या तोंडाशी जेवढ्या रुंद मोऱ्या ठेवल्या जातील, तेवढे आतल्या वस्तीचे नशीब. हे आराखड्यावर पाहून बोलण्याचे काम आहे, पाणी घरात शिरल्यावर ओरडण्याचे नव्हे.

काठावर जागा घेणाऱ्याने दोन रेषांची माहिती मागावी. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे ऐकून माणूस निश्चिंत होतो. पण गणित सांगते की वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. जुन्या पुराची खूणही पुरेशी नसते. सांगलीला 2005 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 53 फुटांच्या वर गेली होती. 2019 मध्ये ती 57 फुटांवर गेली. जुनी खूण धरून माल रचणाऱ्याचा हिशेब तेथे चार फुटांनी चुकला.

विम्याकडेही नीट पाहणे आवश्यक आहे. अग्निविम्यात वादळ-पुराचे संरक्षण असते, पण हप्ता वाचवण्यासाठी ते वगळताही येते. ते वगळले आहे हे पाणी ओसरल्यावर कळून उपयोग नाही. माल एक कोटीचा, विमा साठ लाखांचा आणि नुकसान वीस लाखांचे असेल, तर पुरेशा विम्याअभावी हातात बारा लाखच येऊ शकतात. पॉलिसीवर एका गोदामाचा पत्ता आणि माल दुसऱ्यात, असेही घडते. त्यातच नष्ट झालेल्या मालावर आधी घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटीच्या नियमानुसार परत करावे लागते. विम्याची रक्कम ठरवताना हा आकडा अनेकदा विसरला जातो.

विमा नुकसान वाटून घेतो, पाणी थांबवत नाही. म्हणून गोदाम भाड्याने घेण्यापूर्वी तेथे ओहोटीला एकदा आणि उधाणाच्या भरतीला एकदा जाऊन यावे. मागच्या पुरात पाणी कोठवर आले होते हे मालकाऐवजी शेजारच्या चहावाल्याला विचारावे. आणि आतल्या भिंतींना नवा रंग दिला असेल, तर तो किती उंचीपर्यंत दिला आहे तेही पाहून घ्यावे.