घरीच असतेस ना?

माझी ओळख करून द्यायचं काम मला कधी करावं लागलेलं नाही. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेच्या गल्लीनं ते परस्पर उरकून टाकलं आहे. "ती का? ती घरीच असते. कॉम्प्युटरवर काहीतरी करते." यातलं 'काहीतरी' म्हणजे वेबसाइट तयार करणं आणि त्या सांभाळणं. गिऱ्हाइकं सांगली-कोल्हापूरची, काही पुण्याची, दोन-तीन परदेशातली. पगार नाही, साहेब नाही, हक्काचा रविवारही नाही. आहे ते एक टेबल, दोन मॉनिटर, एक कुरकुरणारा इन्व्हर्टर आणि दिवसातून निदान एकदा कानावर येणारा प्रश्न : "घरीच असतेस ना?"

विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. गॅसचा सिलिंडर उतरवून घ्यायचा असतो, कुरिअर ठेवून घ्यायचं असतं, नोव्हेंबरात शेजारच्या आजींना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं असतं. समोरच्या बंगल्यातला मुलगाही घरूनच काम करतो, बंगळुरूच्या एका कंपनीचं. तो बसला की त्याची आई पोरांना दटावते, "हळू बोला, दादाची मीटिंग चाललीय." माझी मीटिंग चालू असली की नेमकी आमची बेल वाजते. तो बसतो ते ऑफिस, मी बसते ते घर. त्याचा पगार एक तारखेला जमा होतो आणि माझं बिल पार्टीच्या मनात येईल तेव्हा, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण काय, ते बायकांना सांगावं लागत नाही.

कामाचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा फोननं सुरू होतं : "पाच पानांची वेबसाइट केवढ्याला पडेल?" पानावर भाव ठरवायची ही सवय छापखान्यातून आलेली, त्यामुळे मी वाद घालत नाही. निम्मे पैसे आगाऊ घेते आणि मजकूर मागते. मजकूर महिनाभर 'उद्या देतो'वर असतो. शेवटी येते ती कुठल्यातरी डीटीपीवाल्याकडची जुनी पेजमेकरची फाइल. हळदीच्या एका व्यापाऱ्यांची अशीच आली होती. छापील पत्रकात 'राजापुरी हळद' सुबक दिसत होतं. माझ्या स्क्रीनवर त्याच जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवलेली असायची. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी उघडी पडते. हे सगळं युनिकोडमध्ये आणायला सॉफ्टवेअर मिळतं, पण रफार आणि पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षराशेजारी जाऊन बसतात. त्या एकेक करून हातानं जागेवर आणायच्या.

तेवढ्यावर भागत नाही. पानाच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला 'या पानाची भाषा मराठी' अशी नोंद करायची असते. ती केली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो, पाकळीचा ल, देठाचा श. नोंद नसली तर तोच फॉन्ट हिंदी वळण काढतो. ती ओळ घालून मी पान पुन्हा पाठवलं. व्यापाऱ्यांच्या वडिलांनी मोबाइल हातभर लांब धरला, अंगठ्यानं पान वर-खाली केलं आणि म्हणाले, "आता कसं शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं दिसतंय." काय बदललं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बिलात त्याचा रकाना नव्हता.

पण वेबसाइट उभी करणं हे निम्मंच काम. डोमेनचे पैसे वेळच्या वेळी भरावे लागतात. मोफत मिळणारं सुरक्षा प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते आपोआप बदलतं, आणि एखाद्या वेळी आपोआप बदलायचं राहतं. मग रात्री साडेदहाला फोन येतो, "ताई, साइटवर लाल काहीतरी येतंय." पाच पानांचे म्हणून जे पैसे मला मिळतात ते खरं तर हा फोन उचलण्याचे असतात. पानं काय, हल्ली कुणीही करून देतं.

वेबसाइट बनवायच्या ज्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर माझं अर्धं घर चालतं, त्याचा जन्मही देखभालीच्या काळजीतूनच झाला. बी-टू नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर होतं. त्याचा कर्ता मिशेल वाल्द्रिगी याच्याकडून काही कळेनासं झालं, तेव्हा जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेग या कॉलेजातल्या पोरानं लिहिलं, की हे कुणीतरी पुढे चालवायला हवं. इंग्लंडातून माइक लिटल यानं कळवलं, की मीही हात लावतो. २७ मे २००३ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. त्याच्याही आधी, ३० एप्रिल १९९३ला, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेनं वेबचं मूळ सॉफ्टवेअर सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं करून दिलं होतं. म्हणजे माझ्या धंद्याचं भांडवल हे कुणाकुणाच्या देऊन टाकलेल्या वेळाचं आहे. बेल वाजल्यावर मी चिडते, तेव्हा हे आठवून थोडी वरमते.

संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटते आणि स्कूटर काढते. बहुतेकदा हरिपूर गाठते. तिथे वारणा कृष्णेला मिळते, संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि त्याच गावात हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. त्यांतली कितीतरी २००५च्या पुरात पाणी शिरून गेली. नदीकाठी मी काही फार थोर विचार करत नाही. भडंग खाते, ओळखीच्या माणसांशी पाण्याबद्दल बोलते. सांगलीकराला नदी फुटांत कळते. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका. पावसाळ्यात इथे "कसं काय"च्या ऐवजी "आयर्विनला किती?" असं विचारतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये ते उत्तर ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातून मामीचा फोन आला, "तू घरीच असतेस ना? आम्ही निघालोय." हो, ये, एवढंच मी म्हणाले. रात्रीपर्यंत आमच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं होती. वीज गेली, इन्व्हर्टर गप्प झाला. मोबाइलमध्ये उरलेल्या चार्जिंगवर मी परदेशातल्या गिऱ्हाइकांना कळवलं, की नदी गावात आली आहे, काम थांबवते आहे. त्यांची उत्तरं एकेका ओळीची आणि भली होती. पुण्या-मुंबईला नोकरीत असलेली गावभागातली मुलं तासातासाला फोन करत होती. महामार्ग बंद होता. त्यांच्या आयांच्या जवळ त्या घडीला मी होते.

पाणी उतरल्यावर मामीकडे गेलो. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. कपाटातला लग्नाचा अल्बम फुगून दुप्पट झाला होता. प्लॅस्टिकच्या खिशांतून फोटो ओढले तर फाटत, म्हणून परातीत पाणी घेऊन मी एकेक खिसा त्यात बुडवून सोडवत गेले. कडेनं रंग सुटून पाण्यात पिवळे-गुलाबी धागे निघत. काहींतली वरात शाबूत राहिली आणि नवरदेव गेला. मामी म्हणाली, "राहू दे, समोर आहे तो." मग गच्चीवर दोरी बांधून चिमट्यांनी सगळे लटकवले. त्या दिवसांत मी कोडची एक ओळ लिहिली नाही. महिन्याचा हिशेब बसला नाही, तो पुढे दिवाळीपर्यंत ओढला.

नोकरीत आपला वेळ एकदम एकालाच विकलेला असतो. मी तो सुटा विकते, आणि सुट्या मालाला येणारा-जाणारा प्रत्येकजण हात लावून बघतो. त्याचा त्रास होतो, पण त्यातलं काही बाजूला काढून ठेवायचं की नाही, हे ठरवायला मला रजेचा अर्ज लिहावा लागत नाही. पुण्यात मी नोकरी केली आहे. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी असे अर्ज लिहिलेले आहेत. मोकळा वेळ फ्रीलान्सरला नोकरदाराहून कमीच असतो. हाती असतो तो एवढा अधिकार, की कुणाच्या हाकेला उठायचं.

तो अधिकार आता मी वापरते. आजींना बँकेत नेते. रात्रीचा 'लाल काहीतरी'वाला फोन उचलते, त्याचे वर्षाचे पैसे वेगळे लावते. सकाळी दहा ते एक बेल वाजली तर उठत नाही, आणि कुरिअरसाठी विचारणाऱ्यांना हसून सांगते, "समोर विचारा ना, तोही घरीच असतो." गेल्या महिन्यात त्यानं मीटिंगमधून उठून दोन सिलिंडर उतरवून घेतले. त्याच्या आईनं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

आणि माझ्या कोटेशनच्या अटींत निम्मे पैसे आगाऊ, मजकूर युनिकोडमध्ये, यांच्याखाली एक अट वाढवली आहे : आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेल्यास काम थांबेल, मुदत तितके दिवस पुढे जाईल. परदेशातली गिऱ्हाइकं हा पूल कुठला म्हणून हटकून विचारतात. सांगलीतलं एकही विचारत नाही. सही करून देतात.