बोटीवरची बॅटरी आणि खलाशाचा वाटा

आमचा पुतण्या हर्णे बंदरातल्या एका गिलनेटच्या बोटीवर खलाशी आहे. थोरले बंधू गेले तेव्हा तो नववीत होता. वहिनींनी काजूच्या कारखान्यात काम करून त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करू दिला. कोर्स पुरा झाला, सर्टिफिकेट मिळाले, पण दोन वर्षे काम मिळाले नाही. शेवटी पोरगा बोटीवर गेला. घरात मासेमारी कोणी केली नव्हती. पहिल्या फेरीला उलट्या करून करून अर्धा झाला, पण टिकला.

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. बोट पंचवीस वाव पाण्यात जाळे सोडून उभी होती. जाळे पाण्यात असताना इंजिन बंद असते आणि रात्रभर सारे काही बॅटरीवर चालते. जाळे पडले आहे हे इतरांना कळावे म्हणून वर तांबडा आणि खाली पांढरा दिवा, शिवाय वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारे यंत्र, डेकवरचे बल्ब आणि आठ जणांचे मोबाईल. पहाटे तीनच्या सुमारास दिवे मिणमिणले आणि गेले. वायरलेसही गेला. त्याच वेळी दूरवरून एक मोठे जहाज सरळ अंगावर येत होते. तांडेलाने सेल्फ मारला, तर नुसते कट-कट. कारण इंजिन सुरू करायलाही त्याच दोन बॅटऱ्या! पोरांनी बांबूला चिंधी गुंडाळून डिझेलमध्ये बुडवली, पेटवली आणि हलवत राहिले. जहाज बाजूने गेले. त्याच्या लाटेने बोट अशी डोलली की भाताचे पातेले समुद्रात गेले.

हे पुतण्याने आम्हाला पाच दिवसांनी सांगितले आणि वर बजावले, "काका, आईला बोलू नका."

आम्ही कारकून माणूस, वीजशास्त्रातले आम्हाला काय कळणार? पण पोरानेच पाटी घेऊन समजावले. दर तासाला आठ अँपिअर धरले तर बारा तासांच्या रात्रीला शहाण्णव लागतात. दीडशेच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या, म्हणजे कागदावर तीनशे. मग पुरायला नको का? नाही पुरत. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि बोटीवर ती रोज तशीच पिळली जाते. अर्धवट चार्ज होते, परत पिळली जाते, आतल्या पत्र्यांवर थर बसतो. दोन वर्षांत तीनशेची शंभरसुद्धा उरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मात्र ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, हजारो वेळा भरता येते आणि वजनाला निम्म्याहून कमी.

नाखवा तयार झाला, कारण त्या रात्रीचा धसका त्यालाही होता. त्याचा सख्खा भाऊच तांडेल. पण खलाशी बिचकले. २०२२ साली विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या सर्वांनी पाहिल्या होत्या. लाकडी-फायबरच्या बोटीत, डिझेलच्या टाकीशेजारी असली वस्तू नको, हे त्यांचे म्हणणे चूक कसे म्हणावे? पुतण्याने समजूत घातली की लिथियमच्या जाती अनेक आहेत. ही फॉस्फेटची जात उष्णता जास्त सोसते, सहजी भडकत नाही. १९९७ साली अमेरिकेत गुडइनफ यांच्या चमूने ती पुढे आणली. त्या संशोधन-निबंधावर पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावेही आहेत, हे आम्ही मुद्दाम त्याला शोधून सांगितले. गुडइनफ यांना २०१९ साली नोबेल मिळाले तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते.

जून-जुलैची मासेमारी बंदी म्हणजे बोटींच्या डागडुजीचा काळ. २०२४ च्या बंदीत काम निघाले. दुकानदार म्हणाला, जुनी काढा, नवी लावा, झाले. तसे केले. खाडीत फेरी मारताना अर्ध्या तासात जळका वास आला. अल्टरनेटर, ज्याला बंदरावर अजून डायनामोच म्हणतात, हात लावता येणार नाही इतका तापला होता. थोड्या वेळात धूर निघाला आणि तो कायमचा गेला. खापर अर्थात पुतण्याच्या माथी. "आयटीआयवाला!" असे नाखवा चारचौघांत म्हणाला.

दोष कुठे होता ते पोराने आठ दिवसांत शोधले. शिशाची बॅटरी भरत आली की आपोआप कमी-कमी वीज घेते. लिथियमची मात्र जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढी ओढत राहते. इंजिन मंद फिरत असेल तर डायनामोचा पंखाही मंद, वारा नाही, मग तो जळणारच. शिवाय या बॅटरीच्या आत एक राखणदार सर्किट असते. काही बिघडले तर ते एकदम जोडणी तोडते. डायनामो चालू असताना अशी तुटली तर त्याचे डायोड उडतात. म्हणून इंजिनासाठी शिशाची एक नवी बॅटरी वेगळी ठेवली आणि डायनामो फक्त तिला जोडला. तिच्यापासून दिव्याबत्तीच्या लिथियमपर्यंत मध्ये तीस अँपिअरचा चार्जर बसवला, त्याहून जास्त तो ओढूच देत नाही. बॅटरीच्या तोंडाशी जाड फ्यूज, आणि जागा इंजिनरूमबाहेर, केबिनमध्ये. आता दिवे गेले तरी सेल्फ लागतो.

आणखी एक गंमत. जुना काटा आता निरुपयोगी झाला. शिशाची बॅटरी उतरली की व्होल्टेज उतरताना दिसते. हिचे तेरा व्होल्टच्या आसपास रेंगाळते आणि संपताना एकदम कोसळते. म्हणून आत किती गेली, बाहेर किती आली हे मोजणारे मीटर लावावे लागले. आम्हाला हे लगेच पटले. खिशातल्या नोटा चाचपून शिल्लक समजत नाही, जमाखर्च लिहावाच लागतो.

जमाखर्चावरूनच पुढे भांडण झाले. बॅटरी, चार्जर, फ्यूज, मीटर मिळून शहाण्णव हजार खर्च आला. नाखवा म्हणाला, हंगामात फेरीच्या खर्चातून कापू. या बोटीवर वाट्याची पद्धत आहे. डिझेल, बर्फ, शिधा वजा करून उरते त्यातले निम्मे बोटीचे आणि निम्मे खलाशांचे. म्हणजे शहाण्णवपैकी अठ्ठेचाळीस हजार आठ खलाशांच्या पोटातून जाणार.

आम्ही रजा टाकून बंदरावर गेलो. डिझेल जळते, बर्फ वितळतो, तांदूळ शिजतो, तो फेरीचा खर्च. बॅटरी बोटीवर वर्षानुवर्षे राहते, खलाशी सोडून गेला तरी राहते. हा भांडवली खर्च, तो मालकाचा. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा धडा! नाखवा म्हणाला, "दिवा गेला तर मरणार कोण? जीव सगळ्यांचा, मग पैसे माझे एकट्याचे का?" आम्ही विचारले, "जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाचे भंगार विकले, ते पैसे वाट्यात आले का?" यावर तो गप्प झाला. (त्या भंगाराचेही एक दुखणे आहे. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घेण्याची सोय असते, २०२२ चे नियमही आहेत, पण ती जाते फेरीवाल्याकडे. मग कुठल्यातरी वस्तीत ती कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड गटारात आणि शिसे चुलीवर. तो धूर लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम करतो. फोडणारे हात कोणाचे असतात, ते वाचकांना सांगायला नको.)

न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वी बॅटरी भरायला रात्री तासभर इंजिन नुसते चालवावे लागे, ते डिझेल आता वाचते, आणि त्यातला निम्मा फायदा खलाशांचाही आहे. नाखव्याने हा मुद्दा बरोबर काढला, आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी बहात्तर हजारांची बॅटरी त्याच्या अंगावर आणि उरलेले चोवीस हजार फेरीच्या खर्चात, असे ठरले. खलाशांचे दीड-दीड हजार गेलेच. आमच्या मते तेही जायला नको होते.

पुतण्या आमच्यावर रागावला. "काका, तुम्ही ऑफिसात परत जाल, मला त्याच बोटीवर जायचेय." खरे होते. दीड महिना तो आमच्याशी बोलला नाही. नाखव्याने त्याला काढले नाही, उलट पुढच्या बंदीत शेजारच्या दोन बोटींचे काम त्याच्याकडेच आले. त्याची मजुरी त्याने स्वतः ठरवली आणि आधी कागदावर लिहून घेतली, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळले.

यंदाच्या बंदीत तो घरी आला. बोलता-बोलता जेवताना त्या डिसेंबरातल्या रात्रीची हकीकत त्याच्या तोंडून निघून गेली. वहिनींचा घास हातातच राहिला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी एवढेच विचारले, "आता तो तांबडा दिवा सकाळपर्यंत राहतो ना?"

त्याने मोबाईल काढला. सकाळी साडेसहाला काढलेला मीटरचा फोटो दाखवला. त्यावर बेचाळीस टक्के शिल्लक होते. वहिनींना आकडा कळला की नाही कोण जाणे. त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.