शेवटची गाडी

परवा शनिवारी पेणला गेलो, तर चहा पिता पिता बाबांनी विषय काढला. "आता एकच गाडी घेणार, शेवटची. पंधरा वर्षं टिकली पाहिजे. ती चार्जिंग आणि पेट्रोल दोन्हीवर चालते ती कशी?"

म्हणजे प्लग-इन हायब्रिड. आपल्याकडे असल्या गाड्या अजून मोजक्याच, आणि महाग. पण प्रश्न रास्त होता. बाबांचं रोजचं फिरणं बाजारापुरतं, आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे ऐरोलीला, साठेक किलोमीटर. अगदी फिट्ट!

मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. समजा, एका चार्जवर ५० किलोमीटर. विजेवर ५०,००० किलोमीटर म्हणजे बॅटरी १,००० वेळा भरून रिकामी. ४०० किलोमीटर जाणाऱ्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत तेच १२५ वेळा! छोटी बॅटरी बिचारी जास्त राबते. आणि इंजिन? ते महिना-महिना झोपून. टाकीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जे पाणी शोषतं, आणि त्यात आपला कोकणातला पावसाळा... अमेरिकेत २०१० साली आलेली शेव्हरोले व्होल्ट म्हणूनच दीडेक महिना इंजिन बंद राहिलं की ते चालवायला लावायची.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे एका गाडीत दोन म्हातारे सांभाळायचे. आणि आठ-दहा वर्षांनी हे इथे उघडणार कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, साधी हायब्रिड बघू, तिचं इंजिन निदान रोज चालतं. ते काही बोलले नाहीत. खाली जाऊन जुन्या मारुतीचं बॉनेट उघडून ऑइल बघत बसले.