बुलेटचा पिवळा दिवा

२०२३ च्या पावसाळ्यात हळदीचा भाव अचानक चढला आणि आमच्या पुतण्यानं बुलेट घेतली. धाकटा भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. लेकरू तवापासून माझ्याच हाताखाली वाढलेलं. हळद त्यानंच लावली, त्यानंच शिजवली, म्हणून गाडीबद्दल मी काही बोललो नाही. बोललो ते दिवाळीत. त्यानं गाडीचा मूळचा बेंडपाइप आणि सायलेन्सर काढून बाहेरचा बसवून आणला होता. टोकाईच्या गडाकडून गाडी निघाली की इकडं आखाड्यावर म्हैस दाव्याला हिसके द्यायची. मी चारचौघांत म्हणालो, "शहरात पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवायलेत. तुझ्या बापानं असले थेर केले असते का?" बापाचं नाव काढायला नको होतं. त्यानंतर चार महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

शिमग्याच्या सुमाराला हळद शिजवायचा कुकर लागला होता. तो जवळ येऊन उभा राहिला.

"काका, गाडीत पिवळा दिवा लागायलाय. इंजिनाचा."

"दिवाच हाय ना? चिकटपट्टी लाव त्याच्यावर."

तो हसला नाही. पेट्रोलही लई खायलीय म्हणाला. लिटरला पस्तीस किलोमीटर देणारी गाडी सव्वीसवर आली होती. तालुक्याच्या मिस्त्रीनं यंत्र जोडून पाहिलं तर कोड आला पी ०१३१. मिस्त्री म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा घालावा लागेल, काही हजार जातील. नाहीतर एक बारकी डबी मिळते, ती वायरीत बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला सगळं बरोबर वाटतं आन् दिवा बंद. डबी स्वस्त होती. लेकरू डबीचेच पैसे मागायला आलं होतं.

मला डबीचं नाव ऐकून आमची जुनी मोटार आठवली. विहिरीवरच्या स्टार्टरचा रिले सारखा ट्रिप व्हायचा. गहू ओंबीवर आलेला, रात्रीची लाइट. मी वैतागून रिले काढला आणि तार डायरेक्ट केली. दोन रात्री मोटार झकास चालली. तिसऱ्या रात्री एक फेज गेला, मोटार दोन फेजवर गुरगुरत राहिली आणि वायंडिंग जळून कोळसा झालं. रिले बिचारा आधीपासून तेच सांगत होता.

म्हणून मी त्याच्यासोबत मिस्त्रीकडं गेलो आणि हा सेन्सर करतो काय ते विचारलं. माणूस भला, नीट सांगितलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला तसा या गाड्यांचा कार्बोरेटर गेला. किती पेट्रोल सोडायचं ते आता कॉम्प्युटर ठरवतो. इंजिनातून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते अंगठ्याएवढा हा सेन्सर नळीत बसून सांगतो. तो तीनशे अंशांच्या वर तापला की कामाला लागतो, म्हणून त्याच्या पोटात बारका हीटर असतो. ऑक्सिजन जास्त उरला तर दशांश एक व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त झालं तर दशांश नऊच्या आसपास. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. आमच्या गाडीत आकडा खालीच चिकटलेला. म्हणजे कॉम्प्युटरला वाटायचं पेट्रोल कमी पडायलंय, म्हणून तो आणखी सोडायचा. प्लग काढून पाहिला तर काजळीनं काळाकुट्ट.

"मग सेन्सर खराब कशावरून? खरंच बाहेरची हवा शिरत असली तर?" मी विचारलं.

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. मी काही शहाणा नाही, पण चाळीस वर्षं पंप चालवलाय. सक्शन पाइपचा जोड ढिला झाला तर पाणी बाहेर सांडत नाही, हवा आत जाते. गळती डोळ्याला दिसत नाही, पंप मात्र पाणी सोडतो. धुराच्या नळीतही तसंच होतं, मिस्त्रीनंच मग सांगितलं. धूर धक्क्याधक्क्यानं निघतो. दोन धक्क्यांच्या मधे नळीतला दाब पडतो आणि जोडातून हवा ओढली जाते.

दुसऱ्या दिवशी आखाड्यावर गार इंजिनाला साबणाचा फेस लावला. पुतण्यानं गाडी चालू केली आणि सायलेन्सरच्या तोंडावर ओलं पोतं धरलं. हेडजवळच्या जोडावर फेस बुडबुडला. तिथं काळा डागही होता. बसवणाऱ्यानं जुनंच पॅकिंग घालून नळी तिरकी आवळलेली. नवं पॅकिंग किरकोळ पैशात आलं. चार-पाच फेऱ्यांनी दिवा आपोआप गेला.

आठ दिवसांनी परत लागला! नव्या नळीत सेन्सरचं भोक वीतभर खाली पाडलेलं होतं. गावातल्या सावकाश चालीत धूर तिथवर पोचेस्तोवर निवायचा. शिवाय मूळच्या नळकांड्यात धूर साफ करणारी जाळी असते, ती यात नव्हतीच. पुतण्या एक दिवस गप्प राहिला. मग माळ्यावरून जुना बेंडपाइप आणि सायलेन्सर काढून घेऊन गेला. मी "काढ" म्हणालो नव्हतो. आता गाडी तेहतीस देते. पस्तीस म्हणतो तो, पण ते सोडा.

नळी बसवून आला त्या सांजेला आम्ही बोअरवर बसलो होतो. दिवाळीतलं बोलणं मला काढायचं होतं, पण तोंड उघडेना. मी आपली जळालेल्या मोटारीची गोष्टच पुन्हा सांगत बसलो. तो ऐकत ऐकत उठला आणि बोअरच्या स्टार्टरचं झाकण उघडलं. आत रिले नव्हता. गेल्या उन्हाळ्यात मीच तार डायरेक्ट केलेली.

"काका, हे काय हाय?"

मी काही बोललो नाही. त्यानं मेन स्विच खाली पाडला आणि हात मागं करून माझ्याकडं पक्कड मागितली.