फोनची बांधावरची परीक्षा

गेल्या तीस वर्षांत मी बियाण्यांच्या, खतांच्या आणि औषधांच्या पुष्कळ चाचण्या घेतल्या. पण खिशातल्या फोनची चाचणी घेण्याची पाळी आपल्यावर येईल, असे कधी वाटले नव्हते. ती आली एका आजींमुळे. त्यांची हकीगत आधी सांगतो, म्हणजे पुढच्या आपटाआपटीचा अर्थ कळेल.

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने मराठवाड्याला झोडपून काढले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची शिवारे पाण्याखाली गेली. कापणीला आलेले सोयाबीन उभ्याने सडत होते, शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. त्या वेळच्या पीक विम्यात अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागे. मी गावोगाव चिखल तुडवत फोटो काढत होतो.

एका आजींचे नदीकाठी दीड एकर सोयाबीन होते. त्यांच्याकडे फोन नव्हता. मी फोटो काढला, गट क्रमांक आणि विम्याच्या अर्जाचा क्रमांक फोनमध्येच टिपून घेतला आणि म्हणालो, "आजी, तुमची खबर मीच देतो. काळजी करू नका." संध्याकाळी परतताना ओढ्यात पाय घसरला. मी वाचलो, पण वरच्या खिशातला फोन पाण्यात गेला. काढला तेव्हा पडदा चालू होता. कुणीतरी सांगितले म्हणून रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि सकाळी घाईने चार्जिंगला लावला. आत पाणी होतेच. जळका वास आला आणि फोन कायमचा बंद पडला. तेवढ्यात पूल पाण्याखाली गेला. आजींच्या गावी मी पोहोचलो चौथ्या दिवशी. मुदत टळली होती. 'साहेबांनी फोटो काढलाय' या भरवशावर नातवाने सडलेले पीक उपटून बांधावर टाकले होते.

सरकारी पंचनाम्याची मदत त्यांना मिळाली. विम्याचे पैसे मात्र माझ्यामुळे बुडाले. आजी एवढेच म्हणाल्या, "फोन वाहून गेला तर जाऊ द्या साहेब, तुम्ही तर नाही ना वाहून गेलात!" रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढच्याच महिन्यात मी मजबूत म्हणून विकला जाणारा जाडजूड फोन घेतला. खोक्यावर 'आयपी ६८' असे लिहिले होते आणि खाली लष्करी दर्जाचा उल्लेख होता. दुकानदार म्हणाला, "ट्रॅक्टरखाली घाला, काही होणार नाही." बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून कुणी उतारा धरत नाही. मग खोक्यावर विश्वास का ठेवावा?

आधी त्या अक्षरांचा अर्थ समजून घेतला. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावा. ८ असेल तर त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते. ही परीक्षा गोड्या, स्वच्छ पाण्याची असते. साबणाचे पाणी, फवारणीचे औषध किंवा ओढ्याचा गाळ त्यात धरलेला नसतो.

लष्करी दर्जा म्हणजे अमेरिकेच्या सैन्याने सामानासाठी ठरवलेली परीक्षेची पद्धत. त्यात वस्तू साधारण १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून २६. पण हे पाडणे पाच नगांत वाटून घेण्याची मुभा असते, आणि पाडायचे असते काँक्रीटवर ठेवलेल्या लाकडी फळीवर. शिवाय सैन्य कुणाच्या फोनवर शिक्का मारत नाही. कोणत्या परीक्षा घ्यायच्या हे कंपनीच निवडते.

आपल्या शिवारात लाकडी फळी कुठली? म्हणून मी माझी परीक्षा मांडली. तुलनेसाठी मुलाने टाकून दिलेला साधा फोन जाड रबरी कव्हर घालून घेतला. दोन्ही फोन वरच्या खिशाच्या उंचीवरून काळ्या मातीवर, सारवलेल्या अंगणात, शहाबादी फरशीवर आणि मुरुमाच्या रस्त्यावर सहा-सहा वेळा पाडले. सौभाग्यवती दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, नवी वस्तू कुणी अशी आपटतं का? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मातीवर आणि अंगणात दोन्ही फोन सारखेच टिकले. फरशीवर तिसऱ्या वेळी साध्या फोनची काच तडकली, मजबूत फोनला ओरखडाही नाही. मुरुमाच्या रस्त्यावर मात्र मजबूत फोन पालथा पडला आणि एका अणकुचीदार खड्याने काचेवर केसाएवढी चीर पाडली. सपाट जमीन फोन सोसतो, टोकदार खडा सोसत नाही. काच तडकली की पाण्याचा भरवसाही संपला असे समजावे. मी काच बदलून घेतली आणि मगच पुढे गेलो.

पाण्याच्या पिंपात अर्धा तास ठेवला, काही झाले नाही. सोयाबीनच्या मळणीला दिवसभर खिशात वागवला, भूस आत गेले नाही. मे महिन्यात मोटारसायकलच्या दांड्याला उन्हात लावला, तेव्हा मात्र त्याने तापल्याची सूचना देऊन चार्जिंग थांबवले. बॅटरी कितीही भारी असो, ऊन तिचे आयुष्य खातेच.

खरा धडा दुसऱ्या पावसाळ्यात मिळाला. पुन्हा पिंपात बुडवला आणि या वेळी आवाज घोगरा झाला. उघडून पाहिले तर चार्जिंगच्या तोंडावरच्या रबरी झाकणाखाली वाळूचा एक कण बसला होता. तेवढ्याने पाण्याला वाट मिळाली. पाणबुडी मोटारीचे सील गेले की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. फोनचेही तसेच. रबर झिजते, कडक होते. नव्या फोनची मजबुती जुन्या फोनात उरत नाही. आणि पाणी शिरल्याची जबाबदारी बहुतेक कंपन्या हमीत घेत नाहीत, ही ओळ दुकानातच वाचून घ्यावी.

माझी ही चाचणी एकाच फोनची. एका झाडावरून वाणाची पारख होत नाही, हे मीच तुम्हाला सांगत आलो. तरी चार गोष्टी पदरी पडल्या. फोन भिजला तर तो आधी बंद करा, सिमकार्ड काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वाऱ्याला ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला तर लावूच नका. फवारणीच्या हाताने फोन धरू नका, तो पुढे कानाला लागतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माझा नवा फोन त्या दिवशी असता तर कदाचित वाचला असता. पण आजींचे नुकसान फोन कच्चा होता म्हणून झाले नाही. एकच फोटो, एकच नोंद आणि तीही एकाच खिशात, म्हणून झाले. कागदाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या असत्या, शेजाऱ्याच्या फोनवर दुसरा फोटो काढून घेतला असता, तर काम भागले असते. घरातल्यांचे नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ भिंतीवर खडूने लिहून ठेवा. रात्री साप चावला आणि फोन बंद असला, तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावायला नंबर तरी माहीत हवा.

आता बांधावर फोटो काढला की तिथेच कार्यालयाला पाठवतो. रेंज नसेल तर रेंज येईल तिथवर चालत जातो, मगच पुढचे शेत. गट क्रमांक वहीत लिहितो. मागच्या पावसाळ्यात आजींच्या शेतावर गेलो होतो. फोटो पाठवला, वही काढली. आजी माझ्या हाताकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "लिहा साहेब, नीट लिहा. घाई नाही."

मी नीट लिहिले.